खालची बाजू

"ज्याला चित्र काढायचंय त्यानंच चिखलात उतरायचं. दुसऱ्याचे पाय वापरायचे नाहीत," श्यामसुंदर सर फोनवर म्हणाले होते. "आणि गमबूट घाल. गोमाशी रक्त पिते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिची अळी त्याच्याही आधी मांस खात असते. चावते ती."

मी "हो सर, हो सर" म्हणत फोन खांद्यात दाबून धरला आणि माझ्या लेकीच्या, पूर्वीच्या, तोंडात वरणभाताचा घास कोंबला.

सरांनी मला एम.एस्सी.ला कीटकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर ते कॉलेजच्या मुलांसाठी गोमाश्यांवर एक छोटी पुस्तिका करत होते. तिच्यातल्या अळीच्या आणि कोषाच्या आकृत्या मी काढाव्यात असं त्यांच्या मनात होतं. वर्गात आकृत्यांसाठी माझी वही फिरायची. मग लग्न, घणसोली, पूर्वी असं होत होत माझा हात पोळपाटावर स्थिरावला. त्यामुळे सरांचा फोन आला तेव्हा मला कुणीतरी माझ्या जुन्या नावानं हाक मारल्यासारखं झालं. त्यांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक कुरिअरनं पाठवला. मी तो बेडरूमच्या खिडकीत मांडला. चिखलाचं मात्र मनावर घेतलं नाही. सरांचं असंच असतं, म्हटलं. तीन वर्षांची पोर काखेत घेऊन खाडीत कोण उतरणार? खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी पूर्वीला सोसायटीच्या वाळूतसुद्धा खेळू देत नाही. संध्याकाळी तिला आंघोळ घातली की मोबाइलची बॅटरी लावून तिची मान, कोपरं, बोटांच्या बेचक्या, सगळं तपासते. एक लाल ठिपका दिसला तरी तो डास की ढेकूण की आणखी काही, यावर माझी संध्याकाळ जाते. नवरा, प्रणय, म्हणतो, "भावना, तू विमानतळावर नोकरी कर. तिथं असं तपासायला माणसं लागतात."

मी उतरले नाही. बयाबाई उतरल्या.

बयाबाई आमच्या गेटबाहेर बसायच्या. घणसोली गावातल्या, आगरी. ओहोटीला खाडीत जाऊन खुबे म्हणजे शिंपल्या, नाहीतर चार चिंबोऱ्या म्हणजे खेकडे आणायच्या आणि एका पाटीत घेऊन बसायच्या. हातभर बांगड्या, कपाळाला मोठं कुंकू, आणि घासाघीस करणाऱ्या बाईला एक ठरलेलं उत्तर: "बाय, तू खाली उतर न् काढ, मी तुला फुकट देतंव." चिखलात खुबे डोळ्यांनी दिसत नाहीत. ते पायानं शोधायचे असतात. तळवा चिखलात दाबत, सरकवत चालायचं. खाली कडक काही लागलं की वाकून हात घालायचा. चप्पल घातली की काम संपलं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, पूर्वीच्या हातात एक रिकामा शिंपला देत. तो मी नंतर डेटॉलमध्ये उकळला.

मी त्यांना विचारलं, बंधाऱ्यापलीकडे तबेल्याचं पाणी खाडीला मिळतं, तिथल्या काठाचा चिखल आणून द्याल का? त्यात अशी पांढरट, दोन्ही टोकांना निमुळती अळी असते. मी चित्र दाखवलं.

"या आल्या तुला कंला गो? खातंस काय?" अळ्यांना त्या आल्या म्हणायच्या.

"चित्र काढायला."

"माजा काढ ना चित्र. आल्यांपेक्षा बरी दिसतंव मी."

पण त्या आणू लागल्या. खुब्यांची पाटी त्या दिवसांत अर्धीच भरायची. त्या म्हणायच्या, खाडी बिघडली. मीही मोठ्या उत्साहानं मान डोलवायची. प्रदूषण, गाळ, खारफुटी, जे काही मी वाचलं होतं ते सगळं त्यांना ऐकवायची. त्यांना माझ्याकडून ठरावीक पैसे मिळत होते, मला अळ्या मिळत होत्या. यात वाईट काय होतं?

त्या चिखल घेऊन वर आल्या की मी चहा करायची. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "साखर जास्ती घाल. घरान सून फिका चा देतं मना." मला त्या न पाहिलेल्या सुनेचा राग आला. म्हाताऱ्या माणसाच्या चहातली साखर वाचवून कुठं बंगला बांधणार ही? मी दोन चमचे घालायची. कधी अडीच. त्या बशीत ओतून फुरका मारायच्या आणि डोळे मिटायच्या. मलाही बरं वाटायचं.

मग त्या फरशीवर पाय पसरून पूर्वीला गोष्ट सांगत बसायच्या आणि मी खिडकीत जाऊन बसायची.

अळ्या एकत्र ठेवता येत नाहीत, एकमेकींना खातात. म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून एकेका डब्यात ओला चिखल, एक अळी आणि गांडुळाचा तुकडा असं मी ठेवत होते. डबे बाल्कनीत, पूर्वीचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर. प्रणय पावणे गावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तो घरी आला की डब्यांना विचारायचा, "काय मंडळी, जेवलात का?" आणि मला म्हणायचा, "सोसायटीत पाळीव प्राण्यांची नोंद करावी लागते हां. नाहीतर सेक्रेटरी येईल."

पण काय सुंदर असते ती अळी. मला माहीत आहे, हे ऐकून माणसं तोंड वाकडं करतात. चातीसारखी, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. अंग दुधाळ, आणि प्रत्येक वलयाच्या कडेला काळपट पट्टा, कुणी पेन्सिलनं आखल्यासारखा. डोकं इतकं बारीक की धक्का लागला की ती ते छातीच्या वलयांत ओढून घेते आणि मग तिला डोकं होतं की नाही असं वाटावं. पाय नाहीत, पोटाच्या वलयांभोवती मांसल उंचवट्यांची रांग असते, ते फुगवत आणि आवळत ती चिखलातून पुढे सरकते. शेपटाला श्वासाची नळी. बाकी सगळं अंग चिखलात आणि तेवढी नळी वर. शेपटाजवळ कातडीच्या आतून एक छोटी पिशवी दिसते, नासपतीच्या आकाराची, तिच्यात जोडीजोडीनं काळे मणी. अळी कात टाकत मोठी होते तसे मणी वाढतात. हे इंद्रिय गोमाशीच्या अळीची खूण. कशाची तरी जाणीव करून घेण्यासाठी असावं. नक्की कशाची, हे सरांनाही ठाऊक नाही. आणि तोंडात दोन काळे आकडे, शेजारी शेजारी, विळ्यासारखे वाकलेले. आपल्या जबड्यासारखे नव्हे. साप दात मारतो तसे वरून खाली मारणारे. आतून पोकळ. त्यातून विष उतरतं.

सरांचा एक नियम होता. प्रत्येक आकृती तीन बाजूंनी: वरून, कुशीवरून, खालून. "अर्धे लोक वरून बघतात आणि सही करून मोकळे होतात," ते म्हणायचे. मी चिमट्यानं अळी हलकेच उलटी करायची. खालच्या बाजूचा एकही उंचवटा मी सोडला नाही.

एकदा बयाबाई डबा देताना म्हणाल्या, "ह्यो बग, तुजी आली मना चावली वाटतं." आणि हसल्या.

उजव्या पावलावर, बोटांच्या मुळाशी, लाल गांधी आली होती. तिच्या मधोमध दोन टाचणीएवढी छिद्रं. अगदी शेजारी शेजारी.

मी जे केलं ते जसंच्या तसं सांगते. मी धावत जाऊन पट्टी आणली. पट्टी पायाशेजारी धरली आणि फोटो काढले. उजेड नीट नव्हता म्हणून त्यांना खिडकीपाशी स्टुलावर बसवून पुन्हा काढले. दोन आकड्यांमधलं अंतर माझ्या आकृतीशी जुळत होतं. पुस्तकात मी असा फोटो पाहिला नव्हता. आनंदानं मी आणखी चार फोटो काढले.

पूर्वी म्हणाली, "आई, आजीला बाऊ झालाय. कार्टूनची पट्टी लाव ना."

"लावते हं राजा, थांब."

शेवटी मी वरून थोडं क्रीम लावलं. बयाबाई म्हणाल्या, "काय लावतंस? मना कललाच नाय कवा चावली ती. घरी पाय धुतले तवा दिसला."

सरांना फोटो पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं: "अप्रतिम! बाई मोठ्यानं ओरडल्या असतील. मधमाशीसारखा दंश असतो."

मी लिहिलं: "नाही सर. कळलंसुद्धा नाही त्यांना. फार काटक आहेत." आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला.

काटक. हा शब्द मला इतका सहज कसा सुचला, ते अजून कळत नाही. मुंगी चावूनही पूर्वी रडली नसती, तर मी रिक्षा करून डॉक्टर गाठला असता.

अळीची आकृती पूर्ण झाली. आता कोष हवा होता. कोषावर येताना अळी ओल्यातून वर, जरा कोरड्या चिखलात सरकते. त्यामुळे तो हुडकणं अवघड, आणि डब्यातल्या माझ्या अळ्या काही केल्या कोषात जाईनात. सरांचे निरोप यायला लागले. पुस्तिका छपाईला जायची होती. मग मीही बयाबाईंच्या मागे लागले. दिसल्या की, "मावशी, कोष?" फोनवर, "मावशी, कोषाचं काय झालं?" एकदा त्या म्हणाल्या, पाय जड झालेत गो. मी म्हटलं, "बघा ना एवढा एकदाच." हे मी म्हटलं होतं.

ज्या दिवशी कोष मिळाला तो दिवस मला लख्ख आठवतो. बेल वाजली. बयाबाई दारात, घामाघूम, हातात डबा उंच धरलेला, जसं काही लग्नातलं रुखवत आणलंय. "घे तुजा हिरा."

मी डबा घेऊन थेट खिडकीत गेले. मागून पूर्वी ओरडली, "आजी, एकच चप्पल! आजीनं एकच चप्पल घातलीय!" मी म्हटलं, "हो का," आणि भिंगाला डोळा लावला.

तपकिरी, चकचकीत, करंगळीच्या पेरापेक्षा मोठा. आत माशी घडत होती आणि बाहेरून तिचा आराखडा दिसत होता: डोळ्यांच्या जागेचे दोन फुगवटे, स्पर्शिकांची म्यानं, पाय आणि पंख छातीशी घट्ट दुमडून चिकटवलेले, बाळाला दुपट्यात आवळून गुंडाळावं तसे. छातीवर दोन्हीकडे कानासारखी श्वासाची छिद्रं. पोटाची वलयं मात्र मोकळी, हलणारी, आणि प्रत्येक वलयाला मागच्या बाजूनं काट्यांची झालर. याच काट्यांच्या जोरावर तो वेळ आली की चिखलातून वर चढतो. शेवटच्या टोकाला सहा काट्यांची चांदणी. चांदणी पाहून मी "अहाहा" म्हटलं असणार, कारण बयाबाई मागून म्हणाल्या, "पास झाले ना मी?"

"आई, एकच चप्पल!" पूर्वी माझा कुर्ता ओढत होती.

मी वळले. बयाबाई फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या. डाव्या पायात निळी स्लिपर. उजवा पाय उघडा, चिखलानं माखलेला.

"मावशी, दुसरी चप्पल?"

त्यांनी पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पायाकडे, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता. "आयचान! कवा गेली ती?"

"लिफ्टमध्ये पडली असेल."

"असल. नाय तं रस्त्यान. काय कलत नाय बाय आजकाल."

काय कळत नाही. मग एकेक गोष्ट माझ्यापुढे आली, सावकाश, मी मागे ढकलत असतानाही. न कळलेला दंश. अर्धी पाटी. खाडी बिघडली नव्हती; गेटवर दुसऱ्या बाया भरल्या पाटीनं बसत होत्या, मी रोज बघत होते. फिका चहा.

मी कोषासाठी घेतलेला सगळ्यात बारीक ब्रश उचलला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्या पूर्वीला कोल्ह्याची आणि खेकड्याची गोष्ट सांगायला लागल्या होत्या. मी ब्रश उजव्या तळव्यावरून फिरवला. टाचेपासून बोटांपर्यंत. गुदगुल्या होतात तिथं. गोष्ट चालूच राहिली. मग ब्रशची मागची बाजू टेकवली. दाबली. "मंग कोल्हा म्हनला, ए चिंबोरे..." मी पाय उचलून उलटा केला आणि ओल्या फडक्यानं चिखल पुसला.

अंगठ्याच्या शेजारच्या बोटाखाली जखम होती. शिंपल्याची असावी. जुनी. कडा पांढऱ्या पडलेल्या, मधे काळपट, आणि वास. याच पायाचे मी खिडकीत बसवून फोटो काढले होते. पट्टी धरून, उजेड बघून. फक्त वरून.

"मावशी, तुम्हाला शुगर आहे?"

गोष्ट थांबली. "सगल्यांना असतं आथा."

"गोळ्या घेता?"

"घेतंव कवातरी."

"आत्ता डॉक्टरकडे चला. मी येते सोबत. रिक्षा बोलावते."

तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. त्यांची थोरली बहीण दवाखान्यातून एका पायानं घरी आली होती आणि पुढच्या पावसाळ्याआधी गेली होती. "डॉक्टर पाय कापतील," त्या म्हणाल्या. "न् सुनेला कलला तं मना घरान कोंडून घालल. तू सांगू नको. कोनाला सांगू नको." मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात धरला आणि पूर्वीच्या डोक्यावर ठेवला. "बोल. पोरीचे डोक्यावर हात हाय तुजा. सांगनार नाय म्हन."

पूर्वी हसत होती. तिला तो खेळ वाटला.

मी म्हटलं, "नाही सांगणार."

मी एम.एस्सी. आहे. अळीच्या शेपटाजवळच्या इंद्रियाचा नेमका उपयोग सिद्ध झालेला नाही, म्हणून आकृतीखाली "असावे" लिहिणारी बाई आहे मी. पण पोरीच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडायची माझी छाती झाली नाही. प्रणयलासुद्धा सांगितलं नाही. त्याऐवजी मी मेडिकलमधून ड्रेसिंगचं सामान आणलं, यूट्यूबवर बघितलं, आणि रोज त्यांना वर बोलावून जखम धुवायला लागले. चहातली साखर बंद केली. त्या कुरकुरल्या, "तू पन सून झालीस." रोज समजवायची, रोज त्या "सोमवारी जाऊ" म्हणायच्या. सोमवार आला की मंगळवार. जखम धुताना त्यांना काहीच दुखत नव्हतं, त्यामुळे ती बरी होतेय असं आम्हा दोघींना वाटायचं. किंवा मला वाटून घ्यायचं होतं. रात्री मी पूर्वीचा श्वास मोजत पडायची आणि मनात म्हणायची, शब्द पाळतेय मी, शब्द पाळतेय.

मग एके सकाळी त्या आल्याच नाहीत. फोन उचलेनात. दुपारी उचलला तर आवाज तापात असल्यासारखा, शब्द एकमेकांत अडकलेले. मी पूर्वीला घेतलं आणि गावात गेले.

घणसोली गावात घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. विचारत विचारत गल्लीतल्या गल्लीत गेले. दार सुनेनं उघडलं. गीतांजली, माझ्याच वयाची. एपीएमसी मार्केटमध्ये एका गाळ्यावर बिलिंगचं काम करते. सासूला ताप म्हणून त्या दिवशी घरी थांबली होती.

"तुमी सोसायटीवाल्या ना? पूर्वीची आई?" ती हसली. "या ना. आमच्या आई सांगतात, रोज तुमच्या पोरीला सांभालायला येतात म्हणून. बरं झालं तुमी त्यांना गुंतवलंत. डॉक्टरनी खाडी एकदम बंद केलीय त्यांची, शुगर जाम वाढलीय. घरात बसवत नाय त्यांना. मी यांना बोलली, पोर सांभालतात ते बरं, चिखलात तरी जात नायत."

मी उंबऱ्यात उभी. कडेवर पूर्वी. आतल्या खोलीतून बयाबाईंचं कण्हणं ऐकू येत होतं.

मी सांगितलं. चिखल, अळ्या, कोष, जखम, शपथ. एका दमात, पायरीकडे बघत. सांगून झालं तेव्हा गीतांजली हसत नव्हती.

"म्हणजे तुमी त्यांना खाडीत पाठवत होत्या."

"मला माहीत नव्हतं की..."

"जखम कधी बघितलीत?"

मी सांगितलं.

"आणि आज सांगताय?" तिनं पूर्वीकडे पाहिलं. मग हळू, जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाली, "अहो, तुमी शिकलेल्या ना."

तिनं नवऱ्याला, अंकुशला, फोन लावला. तो कंपनीची बस चालवतो. बस सोडून आला. आम्ही रिक्षातून बयाबाईंना हॉस्पिटलला नेलं. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. त्या तेवढ्या तापातही म्हणाल्या, "पोरीचे डोक्यावर हात ठेवला व्हता तू." रिक्षात मी पूर्वीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही आणलंत? गीतांजलीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी डॉक्टरांच्या टेबलाकडे. पाय वाचला. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. घरी पाठवताना बजावून सांगितलं: पाणी नाही, चिखल नाही, एक पाऊलसुद्धा अनवाणी नाही. पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार नाही.

पूर्वीला काही झालं नाही. साधी सर्दीसुद्धा नाही.

मी फळं घेऊन गेले तेव्हा गीतांजलीनं दाराच्या जाळीतूनच सांगितलं, "आई झोपल्यात. तुमी येऊ नका आता. त्यांना त्रास होतो तुमाला बघून. मलापण होतो." मी पिशवी पायरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती आमच्या वॉचमनच्या केबिनमध्ये होती, जशीच्या तशी. उरलेल्या अळ्या मी सोडून दिल्या. सरांना आकृत्या पाठवल्या. ते म्हणाले, उत्तम काम, विशेषतः कोष. दंशाचा फोटो छापू नका, एवढंच मी मागितलं. ते "का?" म्हणाले. "नकोच," मी म्हटलं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

आमच्या बेडरूमच्या खिडकीतून खारफुटीची हिरवी पट्टी दिसते आणि ओहोटीला तिच्यापुढे चकाकणारा चिखल. गेल्या आठवड्यात तिथं एक बाई दिसली. एकटी. इतक्या लांबून माणूस ओळखू येत नाही. पण ती एक पाय टाकायची, थांबायची, दुसरा टाकायच्या आधी खाली बघायची. पायानं शोधणारी बाई खाली बघत नाही.

मी पूर्वीला शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि बंधाऱ्यावर गेले. तोवर तिथं कुणी नव्हतं. मी चपला काढल्या आणि काठावरून खाली उतरले, घोट्यापर्यंत. चिखलात पावलं उमटलेली होती. अनवाणी. डावं पाऊल पाच बोटांचं. उजव्या पावलात अंगठा, मग मोकळी जागा, मग तीन बोटं.

मी गीतांजलीला फोन केला. तिनं माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहे. घरी गेले तर दाराला कुलूप. ती मार्केटला, अंकुश बसवर. शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "बया? ती तं नातेवाइकांकडं जातं म्हनून गेली." संध्याकाळी पुन्हा गेले. गीतांजली जाळीपलीकडून म्हणाली, "आई सांगतात, दिवसभर घरात होत्या. तुमचं मन खातंय ते आमच्यावर काढू नका." मी पावलांचं, कुलपाचं सांगायला लागले. तिनं दार लावलं. तिनं माझ्यावर विश्वास का ठेवावा?

त्यानंतर जमेल तशी मी ओहोटीला बंधाऱ्यावर जाते. दोनदा त्या दिसल्या. मला पाहिलं की खारफुटीत आत वळतात, आणखी खोल चिखलात, जिथं शिंपल्यांच्या कपच्या जास्त आहेत. मी हाका मारल्या की आणखी आत. म्हणून मी आता हाक मारायचीही बंद केली. माझ्या तिथं असण्यानंच त्या आत जातात.

तुम्ही घणसोलीकडे राहत असाल, सकाळी बंधाऱ्याच्या रस्त्यानं फिरायला जात असाल, तर ओहोटीच्या वेळी जरा थांबा. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली, हातभर बांगड्या घातलेली, मोठं कुंकू लावलेली बाई असेल. तुम्ही परके आहात, तुम्हाला बघून ती पळणार नाही. माझं नाव घेऊ नका. खुबे घ्यायचेत म्हणा, वर बोलवा, दगडावर बसवा. ती चेष्टा करेल, करू द्या. पायात काही आहे का बघा, रक्त येतंय का बघा, कारण तिला ते कळणार नाही. आणि मग तिला घरापर्यंत सोडा. गीतांजली संध्याकाळी घरी असते. तिला सांगा, तुम्ही स्वतः पाहिलंत म्हणून.